रोहूची वंशावळ

आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत कुळांच्या वंशावळी छापण्याचा प्रघात जुना आहे. अमक्या घराण्याचा मूळ पुरुष कोण, तो कोणत्या गावाहून आला, त्याच्या शाखा कोठकोठे पसरल्या, हे आपण मोठ्या आवडीने वाचतो आणि त्या जाळ्यात आपले नाव शोधतो. यंदा संपादक मंडळाने आमच्याकडे लेख मागितला, तेव्हा आम्ही एका माशाची वंशावळ सादर करण्याचे ठरविले. हा मासा म्हणजे रोहू. आपल्यातील कित्येक कुटुंबांचा चरितार्थ तलावाच्या ठेक्यावर वा शेततळ्यावर चालतो; मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांचे सभासदही आपल्यात आहेत. ही मंडळी दर पावसाळ्यात पदरचे पैसे घालून मत्स्यबीज विकत घेतात. भाव काय, पिशवीत नग किती, वाटेत मेले किती, एवढी विचारपूस कसोशीने होते. या बीजाचे आईबाप कोण, असा प्रश्न मात्र आम्ही क्वचितच ऐकला आहे.

एकाच शिवारातील दोन तळ्यांत पाणी सारखे, खाद्य सारखे, तरी एकाचा रोहू वर्षअखेर किलोला पोचतो आणि दुसऱ्याचा अर्ध्या किलोवर अडून बसतो, असा अनुभव पुष्कळांना येतो. दोष पाण्याला, खाद्याला आणि सरतेशेवटी नशिबाला दिला जातो. पाणी व खाद्य यांचा वाटा मोठा आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु रक्ताचाही एक वाटा असतो. तो माणसाच्या ध्यानी कसा आला आणि तो ध्यानात न घेतल्यामुळे काय नुकसान झाले, त्याचा हा इतिहास आहे.

शेतकऱ्याला निवड नवी नाही. ज्वारीचे टपोरे कणीस बियाण्यासाठी बाजूला काढून ठेवावे, चांगल्या खोंडाला वळू म्हणून राखावे, हे शहाणपण कोणत्याही पुस्तकाच्या आधीचे आहे. मग मासाच तेवढा या शहाणपणातून कसा सुटला? मासे पाळण्याची विद्या काही अर्वाचीन नव्हे. चीनमध्ये कार्प मासा तळ्यात वाढविण्याची परंपरा दोन हजार वर्षांहून जुनी आहे. तेथेच सोनेरी मासा रंगासाठी निवडून निवडून घडविला गेला. आपल्याकडे कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचविलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मत्स्यविनोदाचे प्रकरण आहे. त्यात माशांच्या जाती, त्यांना घालावयाचे खाद्य आणि गळ टाकण्याची रीत यांचे वर्णन येते. राजाला मासे ओळखता येत होते, पोसता येत होते, पकडता येत होते. त्यांची वीण मात्र राजाच्या हाती नव्हती, आणि जेथे वीण हाती नाही तेथे निवड कसली करावयाची?

रोहू, कटला व मृगळ हे आपले तीन प्रमुख कार्प मासे वाहत्या पाण्याचे जीव आहेत. पावसाळ्यात नदीला पूर यावा, पाणी काठ सोडून उथळ जागी पसरावे, तेव्हा ते अंडी घालतात. तळ्यातील मादीच्या पोटात अंडी तयार होतात, पण साचलेल्या पाण्यात ती घातली जात नाहीत. काही काळाने अंगातच जिरून जातात. रोहू हा मूळचा सिंधू, गंगा आणि ब्रह्मपुत्रा यांच्या खोऱ्यांतला. आपल्या दख्खनच्या तलावांत जो रोहू आज दिसतो, त्याचे पूर्वज माणसाने उत्तरेकडून आणून सोडलेले आहेत. तोही एक देशांतर केलेला रहिवासीच म्हणावयाचा. पूर्वी बंगाल-बिहारकडे पुराच्या दिवसांत नदीत बारीक जाळी लावून माशांचे जिरे गोळा करीत, मातीच्या हंड्यांत भरीत आणि रेल्वेने दूरदूर पाठवीत. हंडीतील पाणी वरचेवर ढवळत राहणे हे बरोबरच्या माणसाचे काम. त्या हंडीत रोहूबरोबर आणखी कोण कोण आहे, हे पिल्ले वाढल्यावरच कळे. त्यात रोहूला गिळणारे मासेही निघत. बंगालच्या बांकुरा व मेदिनीपूर भागांत काही बंधारे असे होते की, पावसाचे पाणी त्यांत वेगाने भरले म्हणजे मासे नदीत आहोत असे समजून वीत. तेवढा एक अपवाद सोडला, तर १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंतही देशातील बहुतेक मत्स्यबीज नद्यांतूनच येत होते.

या परावलंबनातून सुटका झाली ती १० जुलै १९५७ रोजी, ओडिशात. माशाच्या मेंदूच्या बुडाशी पीयूषिका नावाची वाटाण्याहूनही लहान ग्रंथी असते. वीण केव्हा व्हावी याचा हुकूम तेथून सुटतो. ब्राझीलमध्ये फॉन इहेरिंग यांनी १९३० च्या दशकात ही ग्रंथी काढून, तिचा अर्क दुसऱ्या माशाला टोचून अंडी घालविली होती. त्याच दशकात पंजाबात हमीद खान यांनी मृगळावर सस्तन प्राण्यांच्या ग्रंथींचा प्रयोग करून पाहिला होता. कटकच्या केंद्रातील डॉ. हिरालाल चौधुरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी माशाच्याच ग्रंथीचा अर्क वापरून आपले कार्प मासे तळ्याच्या काठी विण्यास लावले. संध्याकाळी मादीला एक टोचणी, काही तासांनी दुसरी, त्या वेळी नरालाही एक. मग दोघांना कापडाच्या हाप्यात सोडावयाचे आणि पहाटेची वाट पाहावयाची. पहाटे हाप्याच्या तळाशी मोत्यांसारखी अंडी साचलेली दिसली म्हणजे काम फत्ते. १९२१ साली जन्मलेले आणि २०१४ साली निवर्तलेले हे चौधुरी भारतातील प्रेरित प्रजननाचे जनक मानले जातात, आणि १० जुलै हा दिवस देशात राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिवस म्हणून पाळला जातो. आपल्यातील किती घरांना हे ठाऊक आहे? आमच्या मते पोळ्याच्या दिवशी बैलाला जो मान आपण देतो, तो या दिवशी त्या टोचणीला द्यावयास हरकत नाही.

येथवरची कथा विजयाची आहे, आणि बहुतेक लेख येथेच थांबतात. आम्हांस सांगावयाचे ते पुढचे आहे.

नदीत शेकडो नर, शेकडो माद्या एकत्र येत. कोणाची गाठ कोणाशी पडेल हे पूर आणि दैव ठरवी. १९५७ नंतर ते ठरविणे मत्स्यबीज केंद्राच्या माणसाकडे आले. त्याला आपण काही ठरवितो आहोत याची जाणीव नव्हती. त्याला हिशेब एवढाच दिसे की, किलोभर वजनाची रोहूची मादी एका वेळी दोन लाखांच्या पुढे अंडी देते. गाईला वर्षाला एक वासरू. येथे एका मादीच्या पोटात साऱ्या पंचक्रोशीची तळी भरण्याची सामग्री. मग प्रजनक म्हणून शेकडो मासे कशाला पोसावेत? चारदोन जोड्या पुरे. पुढच्या वर्षीचे प्रजनक बाहेरून कशाला आणावेत? यंदाच्याच पिल्लांतून काढता येतील. म्हणजे त्याच मायबापांची लेकरे, सख्खी वा सावत्र भावंडे, पुढल्या पावसाळ्यात एकमेकांचे जोडीदार झाली. त्यांची लेकरे त्यापुढच्या. सगोत्र विवाह टाळण्यासाठी आपल्या वाडवडिलांनी एवढी दक्षता घेतली, पण तळ्यातील रोहूला गोत्र विचारणारा कोणी नव्हता.

१९८० च्या दशकात डॉ. अंबेकर एकनाथ आणि रॉजर डॉयल या दोघा संशोधकांनी कर्नाटकातील मत्स्यबीज केंद्रांची पाहणी केली. या केंद्रांतून अंतःप्रजननाचे मान दर पिढीस २ पासून १७ टक्क्यांपर्यंत वाढत असावे, असा हिशेब त्यांनी १९९० साली मांडला. हा आकडा समजण्यास एक माप देतो. आतेभाऊ व मामेबहीण यांच्या अपत्याच्या बाबतीत हे मान सव्वासहा टक्के धरतात, सख्ख्या भावंडांच्या बाबतीत पंचवीस. आणि येथे ते एका पिढीत थांबत नाही, पिढीमागून पिढी साचत जाते. त्याचे फळ म्हणजे अंडी कमी उबणे, पिल्ले अधिक मरणे, वाढ खुंटणे, वेडीवाकडी शरीरे निघणे.

याच दोघांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली, आणि ती आम्हांस अधिक विचार करावयास लावणारी वाटते. केंद्रचालक न कळत उलटी निवड करीत होते. मोठा, लवकर वाढलेला मासा बाजारात चांगला भाव आणतो, म्हणून तो विकला जातो. मागे राहिलेल्या लहानखुऱ्यांतून प्रजनक निवडले जातात. लहान मासा हाताळण्यासही सोपा, त्याला टोचणी लागतेही थोडी. आम्ही स्वतः काही वर्षांपूर्वी एका केंद्रावर असेच पाहिले. तेथील वृद्ध कामगार मोठ्या अभिमानाने सांगत होता, ‘गुरुजी, मोठे सगळे दिवाळीआधी विकून टाकले, हे उरलेले बीजासाठी ठेवलेत.’ ज्वारीच्या बाबतीत त्याने असे कधीही केले नसते. टपोरी कणसे विकून पोचट कणसे बियाण्याला ठेवणारा शेतकरी गावात हास्यास्पद होईल. माशाच्या बाबतीत मात्र तेच चालू होते, कारण पाण्याखालचे कणीस कोणाला दिसत नाही. शिवाय रोहू, कटला व मृगळ एकाच कुंडात एकाच वेळी विण्यास सोडले गेले, तर त्यांच्या अंड्यांचा व बीजाचा संकर होतो. तसेही पुष्कळ ठिकाणी घडले, आणि रोहू म्हणून घेतलेले बीज धड रोहूही निघेना, धड कटलाही निघेना.

या दुखण्यावरचा उपाय दूरच्या देशातून आला, आणि तोही माशांच्या नव्हे तर गाईंच्या गोठ्यातून. त्यासाठी वाचकांस थोडे नॉर्वेला न्यावे लागेल. तत्पूर्वी एका अपयशाची हकिकत सांगितली पाहिजे. इस्राएलमध्ये रोम मोआव आणि गिओरा वोल्फार्थ हे दोघे विद्वान सामान्य कार्प माशावर (आपले शेतकरी ज्याला ‘सायप्रिनस’ म्हणतात त्यावर) काम करीत होते. तळ्यातील सर्वांत मोठे मासे निवडावेत, त्यांची वीण करावी, पुन्हा त्यांतून मोठे निवडावेत, असा क्रम त्यांनी पाच पिढ्या चालविला. १९७६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : वाढ तसूभरही सुधारली नाही. लहान मासे निवडले तर पुढची पिढी लहान निघाली, पण मोठे निवडून मोठी निघेना. कार्पमध्ये निवडीचा उपयोग नाही, असे पुष्कळांनी त्यावरून ठरविले.

असे का व्हावे? एकाच तळ्यात जे पिल्लू दोन दिवस आधी उबले, ते आपल्या भावंडांहून किंचित मोठे होते. मोठे झाले म्हणून खाद्यावर आधी झडप घालते. म्हणून आणखी मोठे होते. शाळेत आम्ही अशी मुले चाळीस वर्षे पाहिली आहेत. जून महिन्यात जन्मलेले मूल आणि पुढच्या मेमध्ये जन्मलेले मूल एकाच इयत्तेत बसते, आणि पहिल्याला हुशार म्हणण्याची आपल्याला घाई होते. माशाचे मोठेपण किती रक्तातले आणि किती आयत्या संधीचे, हे नुसत्या डोळ्यांनी पारखता येत नाही. वरून दिसणारा मोठा मासा निवडणे आणि चांगले बीज निवडणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

ही पारख कशी करावी, हे गाईंची पैदास सुधारणाऱ्यांनी आधीच शोधून काढले होते. ओस येथील नॉर्वेच्या कृषी महाविद्यालयातील प्राध्यापक हाराल्ड शेरवोल्ड हे नॉर्वेच्या दुभत्या गाईंच्या सुधारणेतले मोठे नाव. वळूला दूध येत नाही, मग तो चांगला की वाईट हे कशावरून ठरवावे? त्याच्या लेकींच्या दुधावरून. नातलगांची मोजमापे घेऊन एकाची किंमत काढावयाची, ही ती विद्या. १९७० साली नॉर्वेच्या हित्रा बेटावर ग्रोंटवेट बंधूंनी समुद्रात तरंगत्या पिंजऱ्यांत सामन मासा वाढविण्यास आरंभ केला होता. त्याच सुमारास शेरवोल्ड आणि त्यांचे सहकारी त्रिग्वे येद्रेम यांनी गाईंची ही विद्या माशाला लावावयाचे ठरविले. सुनदाल्सोरा येथे केंद्र उभे राहिले आणि १९७१ पासून पुढील काही वर्षांत नॉर्वेच्या सुमारे ४० नद्यांतून रानटी सामनची अंडी गोळा करण्यात आली. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. रोहूच्या कथेत तो पुन्हा येणार आहे. निवड करावयाची तर आधी निवडण्याजोगे वैविध्य हाती हवे, आणि ते वैविध्य नद्यांतच होते.

त्यांची रीत सांगावयास सोपी, पण पाळण्यास कष्टाची आहे. एका नराची जोडी काही माद्यांशी लावावयाची, म्हणजे सख्खी व सावत्र अशी दोन्ही प्रकारची भावंडे मिळतात. प्रत्येक जोडीची पिल्ले निराळ्या टाकीत वाढवावयाची. ती खूण करण्याएवढी झाली की कोणते कोणत्या कुटुंबातले याची अंगावर खूण करावयाची, आणि मग सर्व कुटुंबांना एकाच पाण्यात, एकाच खाद्यावर एकत्र सोडावयाचे. शेवटी प्रत्येकाचे वजन घेऊन वहीत लिहावयाचे. ज्या कुटुंबातील बहुतेक भावंडे चांगली वाढली, ते कुटुंब चांगले; त्या चांगल्या कुटुंबातील उत्तम तो मासा पुढच्या पिढीचा पिता. जवळच्या नात्यात जोडी लावावयाची नाही, हा नियम वहीवरून पाळावयाचा. रोगाशी झुंजण्याची शक्ती किंवा मांसाचा रंग जिवंत माशात तपासता येत नाही. तेथे भावंडांना तपासून त्यांवरून जिवंत माशाची परीक्षा होते. सारे यश त्या वहीत आहे. इस्राएलकडे मासे होते, विद्वान होते. कुटुंबवार वही नव्हती, असे आम्ही थोडक्यात म्हणू.

सामनची एक पिढी सुमारे चार वर्षांची. पाच पिढ्या निवडलेला सामन आणि नदीतला सामन यांची १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात शेजारी शेजारी तुलना झाली. निवडलेल्याची वाढ दुपटीहून अधिक, आणि तेवढ्याच खाद्यातून मिळणारे मांस सुमारे २० टक्क्यांनी जास्त. खाद्याचा खर्च ज्याला ठाऊक आहे त्याला या दुसऱ्या आकड्याचे मोल निराळे सांगावयास नको.

नॉर्वेची ही रीत आशियात प्रथम तिलापियावर आजमावली गेली. आपल्याकडे उजनीच्या बाजूला ज्याला चिलापी म्हणतात तो मासा त्याच कुळातला. १९८८ साली फिलिपाइन्समध्ये काम सुरू झाले. इजिप्त, घाना, केनिया व सेनेगल येथून रानटी नाईल तिलापिया आणला गेला आणि आशियात आधीपासून पाळल्या जाणाऱ्या चार वाणांशी त्याची तुलना झाली. तेव्हा आशियातील पाळीव तिलापियाहून आफ्रिकेतून नुकताच आणलेला रानटी मासा, एका घानाच्या वाणाचा अपवाद सोडता, जलद वाढला. पाळीव वाण थोड्याशा जोड्यांपासून निघालेले, आणि पिढ्यान्पिढ्या आपसांतच वाढलेले. कर्नाटकातील रोहूची जी कथा, तीच तेथील तिलापियाची. सर्व वाण एकत्र करून पाच पिढ्या निवड केल्यावर वाढ मूळ समूहाच्या मानाने सुमारे ८५ टक्क्यांनी सुधारली. कर्नाटकातील केंद्रांचा हिशेब मांडणारे डॉ. एकनाथ या फिलिपाइन्समधील कामातही अग्रभागी होते, आणि पुढे भुवनेश्वरच्या संस्थेचे संचालक झाले.

आता रोहूकडे वळू. कटकच्या जुन्या केंद्राचे काम पुढे भुवनेश्वरजवळ कौसल्यागंगा येथे गेले, आणि १९८७ साली तेथे केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्था स्वतंत्रपणे उभी राहिली. या संस्थेने नॉर्वेच्या संशोधकांच्या साह्याने १९९२ साली रोहूची निवड-पैदास हाती घेतली. आरंभ कोठून करावा? मत्स्यबीज केंद्रांतील रोहूवर विसंबता येईना, म्हणून ते नद्यांकडे परत गेले. गंगा, यमुना, गोमती, सतलज आणि ब्रह्मपुत्रा या पाच नद्यांतून रोहू गोळा करण्यात आला. सहावा वाण संस्थेच्या तळ्यांतला. ज्या नद्यांच्या कटकटीतून १९५७ साली आपण सुटलो, त्यांच्याच दारी पस्तीस वर्षांनी बीज मागावयास जावे लागले.

रोहूच्या पिल्लांची कुटुंबे आधी निरनिराळ्या लहान तळ्यांत वाढविली गेली. ती पुरेशी मोठी झाल्यावर प्रत्येकाच्या पोटात तांदळाच्या दाण्यासारखी एक बारीक काचेची नळी बसविण्यात आली. तीत क्रमांक असतो आणि यंत्र जवळ नेले की तो वाचता येतो. कुळकर्ण्याच्या दप्तरात जशी घराण्याची नोंद, तशी ही माशाच्या अंगातली नोंद होय. मग सर्वांना एकत्र सोडून वजने घेतली गेली. नव्या वाणाला १९९७ साली, स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवाचे निमित्त साधून, ‘जयंती’ हे नाव देण्यात आले. वाढीची सुधारणा दर पिढीस सरासरी सुमारे १७ टक्के आढळली. आमच्यासारख्या जुन्या मास्तराला येथे फळा आठवतो. मूळ वाढ १०० धरली, तर पहिल्या पिढीत ११७, दुसऱ्या पिढीत १३७, तिसरीत १६०, चौथीत १८७ आणि पाचवीत २१९. चक्रवाढ व्याजाचे उदाहरण मुलांना रुचत नाही, म्हणून आम्ही यापुढे रोहूचे घालावे म्हणतो. अर्थात हा हिशेब चांगल्या देखरेखीतल्या तळ्यांचा आहे; ज्याच्या तळ्यात उपासमार आहे, त्याच्या तळ्यात जयंतीही उपाशीच राहील. पुढे वाढीबरोबरच ॲरोमोनास या जंतूमुळे होणाऱ्या रोगाशी झुंजण्याची शक्तीही निवडीत धरण्यात आली, आणि अलीकडे त्याच संस्थेने कटल्याचाही ‘अमृत कटला’ हा सुधारित वाण काढला आहे.

येथे दोन गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. पहिला असा की, हा मासा ‘जनुके बदललेला’ आहे आणि खाण्यास घातक आहे. दुसऱ्या जातीच्या माशाचे जनुक अंड्यात घालून जलद वाढणारा सामन उत्तर अमेरिकेत १९८९ साली तयार करण्यात आला, आणि अमेरिकेच्या सरकारने तो खाण्यास २०१५ साली मान्यता दिली. तो प्रकार सर्वस्वी वेगळा. जयंती रोहूत रोहूवाचून दुसरे काही नाही. ज्वारीचे चांगले कणीस निवडण्याहून त्यात अधिक काही केलेले नाही, फक्त निवड वही ठेवून केली आहे.

दुसरा गैरसमज अधिक नाजूक आहे. ज्ञातीच्या पुस्तकात बीज, वंश, निवड हे शब्द आले की, काहींना माणसांच्या कुळांविषयीही असेच काही बोलण्याचा मोह होतो. तो मोह त्यांनी आवरावा. माशाच्या बाबतीत ‘उत्तम’ म्हणजे बाजारात वजन भरणारा, एवढाच अर्थ आहे, आणि तो अर्थ मासा खाणाऱ्याने ठरविला आहे. गेल्या शतकात युरोप-अमेरिकेत हेच माप माणसांना लावण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांतून केवढे अनर्थ घडले हे जगाने पाहिले. शिवाय ज्यांना दाखलाच हवा असेल, त्यांनी हेही पाहावे की, आपल्याच तळ्यात कोंडून राहिलेला रोहू खुरटला आणि पाच नद्यांचे पाणी एकत्र आले तेव्हा जयंती निघाली.

असो. मुख्य अडचण आता संशोधनाची उरलेली नाही, ती वाटपाची आहे. मूळ केंद्रात फार थोडे बीज तयार होते. तेथून प्रजनक घेऊन इतर केंद्रांनी ते वाढवावयाचे आणि शेतकऱ्याला द्यावयाचे, अशी साखळी आहे. या साखळीत एक कडी जरी जुन्या वळणावर गेली, म्हणजे पुन्हा चारदोन जोड्यांवर काम भागविले, पुन्हा मोठे विकून लहान राखले, तर दोनतीन पिढ्यांत नाव जयंती राहते आणि गुण मात्र निघून जातात. बोटभर पिल्लाकडे पाहून ते जयंतीचे की साध्या रोहूचे, हे जाणत्या कोळ्यालाही सांगता येत नाही. दुसरी काळजी नद्यांची आहे. केंद्रांतील बीज नद्यांत सोडण्याचे कार्यक्रम होतात; ते बीज थोड्या जोड्यांचे असेल, तर ज्या नद्यांकडे आपण १९९२ साली परत गेलो, त्यांचेच वैविध्य पातळ होईल. धरणांनी व घाणीने त्या नद्यांवर आधीच भार पडला आहे. नॉर्वेत पिंजऱ्यांतून निसटलेला सामन नद्यांत शिरून रानटी सामनात मिसळला, हा तेथील मोठा वादाचा विषय झाला आहे.

आपल्या सभासदांना यात करण्याजोगे काय आहे? बीज घेताना केंद्रचालकाला तीन गोष्टी विचाराव्यात : प्रजनक कोठून आणले, कोणत्या वर्षी आणले, आणि एका हंगामात किती नर व किती माद्या वापरल्या. उत्तर द्यावयास जो कचरतो, त्याच्याकडे वही नाही असे समजावे. आपल्या तळ्यावर प्रजनक राखावयाचे असतील, तर मोठे विकण्याआधी त्यांतले काही बाजूला काढावेत, आणि नर एका ठिकाणचे व माद्या दुसऱ्या ठिकाणच्या घ्याव्यात. दोन केंद्रांचे बीज पारखावयाचे असेल, तर ते दोन तळ्यांत सोडून तुलना करू नये, कारण तळ्यांतही फरक असतो. एकाच दिवशी, एकाच आकाराची दोन्हींची शंभर-शंभर बोटुकली घ्यावी, एका गटाच्या पोटाखालील उजवा पर किंचित कातरावा, दुसऱ्याचा डावा, आणि दोन्ही एकाच तळ्यात सोडावीत. कातरलेला पर पुन्हा वाढू लागतो, म्हणून दर दोन महिन्यांनी काही मासे काढून खूण ताजी करावी आणि त्याच वेळी वजन लिहावे. वर्षअखेरीस कोणते केंद्र चांगले, हे दुसऱ्या कोणाला विचारावे लागणार नाही.

या कामासाठी लागणारे रकाने आम्ही आखून ठेवले आहेत : बीजाची तारीख, केंद्र, नग, खूण, वजन, मृत्यू आणि शेरा. ज्या सभासदांना अशी वही हवी असेल, त्यांनी संस्थेच्या कार्यालयात नाव नोंदवावे. जूनच्या आत ती हाती पडेल अशी व्यवस्था करू.